शेंड्यांची मोजदाद

पहिला दिवस : गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५

एडिंबराहून निघालेली गाडी पिटलॉक्रीपर्यंत दाट झाडीतून धावते. पुढे ड्रमॉक्टरच्या खिंडीकडे चढू लागली की झाडे अशी नाहीशी होतात, की मघाशी आपण जंगलातून आलो हे खरे वाटू नये. ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरील हा सर्वांत उंच बिंदू, समुद्रसपाटीपासून ४५२ मीटर. दोन्ही अंगांना गोलसर तपकिरी डोंगर, त्यांवर हेदरची गुडघ्याएवढी झुडपे, मधूनमधून पाणथळ गवत आणि ढगांच्या सरकत्या सावल्या. एका उतारावर वीस-बावीस तांबड्या हरणांचा कळप वाऱ्याकडे पाठ करून चरत होता. आपल्या सांबराच्या कुळातलाच हा प्राणी. मात्र सांबर जसे रानाच्या आडोशाला असते, तसा आडोसा इथे नावालाही नव्हता. डब्यातले सगळे खिडकीशी गोळा झाले, मीही उठलो आणि इतरांसारखीच चार छायाचित्रे काढली.

किंग्यूसीच्या फलाटावर ताई उभी होती. ही माझी मावसबहीण. गेली बारा वर्षे ती इन्व्हरनेसला राहते, पेशाने हिशेबनीस आहे आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरांवर जाऊन झाडांची रोपे मोजते. हा छंद तिला नेमका कशामुळे लागला, हे आमच्या घरात आजवर कोणाला कळलेले नाही.

"कसे वाटले डोंगर?" तिने विचारले.

"अप्रतिम," मी म्हणालो.

"आहेतच. आता त्यांच्या अंगावरचे कपडे कोणी नेले, ते उद्यापासून बघू."

रात्री जेवणानंतर तिने नकाशा पसरला. या डोंगरांवर झाडे नसणे हा हवामानाचा एकट्याचा प्रताप नाही, एवढे तिला आधी स्पष्ट करायचे होते. पाणथळ मातीत गाडले गेलेले पाइनचे जुने बुंधे आजही अनेक ठिकाणी उघडे पडतात. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी हवा अधिक ओली झाली तेव्हा पाइनने बरीच जमीन सोडली, हे खरे आहे. उरलेल्या रानावर मात्र माणसाने कुऱ्हाड चालवली, गवतासाठी आगी लावल्या आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कुळांना हुसकावून त्यांच्या जागी मेंढ्या आणल्या. मेंढ्यांचा धंदा बसला तेव्हा त्याच जमिनी धनिकांच्या शिकारीसाठी राखून ठेवण्यात आल्या. व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्यासाठी १८५२ मध्ये बालमोरल विकत घेतले गेले आणि हरणाची शिकार ही प्रतिष्ठेची गोष्ट होऊन बसली. अशा राखीव मुलखाला 'डियर फॉरेस्ट' म्हणतात. त्यातल्या 'फॉरेस्ट' या शब्दाचा जुना अर्थ शिकारीचे राखीव रान एवढाच असल्यामुळे, एकही झाड नसलेल्या डोंगरालाही हे नाव बिनदिक्कत चालते. लिंक्स हा मोठा रानबोका मध्ययुगातच संपला होता, लांडगाही त्यानंतर काही शतकांत संपला. हरणाला मारणारे आता माणसाशिवाय कोणी उरले नाही, आणि माणसाला हरणे भरपूर हवी होती. १९९० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये सर्व जातींची मिळून पाचेक लाख हरणे असावीत असा अंदाज होता. आजचा अंदाज दहा लाखांच्या जवळ जातो.

दुसरा दिवस : शुक्रवार, २४ ऑक्टोबर

किंग्यूसीहून पश्चिमेला लॉख लॅगन या तळ्याच्या काठाकाठाने गेले की अ‍ॅबरार्डर हे ठिकाण लागते. क्रेग मेगी या डोंगराची वाट तिथून सुरू होते. सकाळी धुके होते. ताईने वाटेवर पाऊल ठेवण्यापूर्वी विजारीचे पाय मोज्यांत खोचले आणि मलाही तसेच करायला लावले. हरणांच्या अंगावरच्या गोचिडी हेदरवर टपून असतात आणि त्यांच्यापासून माणसाला लाइम आजार होऊ शकतो. ऑक्टोबरअखेरीस त्यांचा जोर कमी होतो, पण हिशेबनीस माणूस शिल्लक जोखीमही धरून चालतो.

पहिला तासभर आम्ही बर्चच्या रानातून चालत होतो. पाने पिवळी होऊन निम्मी गळाली होती, खोडांवर राखी-पांढऱ्या दगडफुलाचे थर होते आणि पायाखालची माती स्पंजासारखी दबत होती. मधूनच लाल फळांचे घोस लटकवलेला रोवन, ओढ्याच्या कडेला आल्डर आणि विलो. मी म्हणालो, "हे जुने रान दिसते." ताई थांबली आणि तिने मनगटाएवढ्या एका खोडाला हात लावला. यातली बहुतेक झाडे माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, असे तिने सांगितले.

या डोंगराची गोष्ट माहीत असलेली बरी. १९८० च्या दशकात इथल्या खालच्या उतारांवर परदेशी सिट्का स्प्रूसची व्यापारी लागवड करण्याचा बेत होता. त्यावरून मोठा वाद झाला आणि १९८५ मध्ये निसर्गसंवर्धनाचे काम पाहणाऱ्या तेव्हाच्या सरकारी मंडळाने ही जमीन विकत घेतली. पुढच्याच वर्षी ती राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाली. त्या वेळी इथे बर्चचे काही जुने पुंजके तेवढे होते आणि त्यांच्या बियांतून उगवणारे प्रत्येक रोप मेंढ्या नाही तर हरणे खाऊन टाकत. नव्या मालकांनी मेंढ्या हलवल्या, हरणांची संख्या कमी केली आणि कुंपण घालायचे नाही असे ठरवले.

कुंपण का नको, हा प्रश्न मला सहज सुचला. हरणांना मारण्यापेक्षा त्यांना बाहेर ठेवणे कोणालाही अधिक दयेचे वाटेल. कोरी आरडर या कड्यांनी वेढलेल्या वाटीसारख्या दरीच्या दिशेने चढता चढता ताईने याचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी दिले, कारण चढ होता आणि दोघांनाही दम लागला होता. कुंपणामुळे हरणे कमी होत नाहीत, ती पलीकडच्या जमिनीवर दाटी करतात आणि तिथले उरलेसुरले खातात. हिवाळ्यात खालच्या आडोशाच्या रानात उतरण्याची वाट बंद झाली की त्यातली काही उपासमारीने मरतात. कुंपणाच्या आत उलटे घडते. तिथे चरणारे कोणीच नसल्यामुळे एकाच वयाची झाडे खेटून वाढतात, आणि थोड्याफार चरण्याने जमीन मोकळी होऊन बियांना जागा मिळते ती मिळत नाही. शिवाय तारेला पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य. त्यानंतर ती पुन्हा घालायची किंवा तुटलेल्या जागेतून हरणे आत आलेली बघत बसायची. "आणि उडणाऱ्या पाखरांना तार दिसत नाही. ते रविवारी सांगते," असे म्हणून तिने तो विषय तिथे ठेवला.

हरणांच्या माद्या जन्मल्या त्या टापूला धरून राहतात, नर मात्र दूरवर भटकतात. त्यामुळे एखाद्या खोऱ्यातल्या माद्या कमी केल्या की त्यांची जागा शेजारच्या माद्या लगेच येऊन भरत नाहीत, आणि क्रेग मेगीसारखा बिनकुंपणाचा प्रयोग त्यामुळेच शक्य होतो. भटके नर मात्र शेजाऱ्यांचेही असतात आणि शेजाऱ्यांचा तक्रारीचा मुद्दा तोच आहे : आम्ही जपलेले नर तुमच्या हद्दीत आले की मारले जातात. ही तक्रार मला सर्वस्वी चुकीची वाटली नाही.

दुपारी आम्ही कोरीच्या तळ्याशी पोहोचलो. काळेभोर पाणी, त्यामागे भिंतीसारखा उभा कडा आणि त्याच्या घळींत धुके अडकलेले. पलीकडच्या उतारावरून नराचे ओरडणे ऐकू आले. माजाचा काळ सरत आला होता आणि आवाज थकलेला होता. घसा बसलेल्या माणसाने मोठ्याने जांभई द्यावी तसा. रानाच्या शेवटच्या झाडाच्या वर, हेदरमध्ये, बोटभर उंचीचे बर्च होते. ताईने वाकून त्यांतले तीन पाहिले आणि काही न बोलता पुढे निघाली. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

तिसरा दिवस : शनिवार, २५ ऑक्टोबर

ग्लेन फेशी या दरीसाठी आख्खा दिवस राखून ठेवला होता आणि तो कमी पडला.

फेशी ही नदी म्हणजे एका जागी न बसणारे मूल आहे. खडी-गोट्यांच्या रुंद पात्रात ती चार-पाच फाट्यांनी वाहते आणि मोठ्या पुरानंतर आपले फाटे बदलते. गाडी ठेवून आम्ही पूर्वेच्या काठाने दक्षिणेकडे निघालो तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना पाइनची रोपे इतकी दाट होती की वाटेवरून बाजूला होणे अवघड जावे. काही गुडघ्याएवढी होती, काही डोक्यावर गेलेली. त्यांच्या मधोमध, एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर, प्रचंड घेराचे आणि छत्रीसारख्या माथ्याचे जुने पाइन उभे होते. त्यांना इथे 'आजी' म्हणतात. या आज्या दोन-अडीचशे वर्षांच्या, आणि त्यांच्या पायाशी खेळणारी नातवंडे वीस वर्षांच्या आतली. मधली पिढी शोधूनही सापडत नाही. एवढ्या वर्षांत आजीने दरवर्षी बी टाकले, ते उगवलेही, पण त्यातले एकही हरणाच्या तोंडापलीकडे वाढू शकले नाही. म्हातारपणाने आज्या एकेक करून गेल्या असत्या तर दरी आपोआप उघडी पडली असती आणि पुढच्या पिढ्यांनी तिलाही अप्रतिम म्हटले असते.

ताईचे मोजणीचे काम आज माझ्या वाट्याला आले. पद्धत साधी आहे. ठरलेल्या ठिकाणी काठी रोवायची, तिला बांधलेली दोरी ताणून वर्तुळ फिरवायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येक रोपाची जात, उंची आणि शेंड्याची अवस्था लिहायची. शेंडा शाबूत की खुडलेला, आणि खुडला असेल तर यंदा की मागे, एवढेच. ते ठरवण्यासाठी मात्र गुडघे टेकून नाक रोपाला लावावे लागते. पहिल्या वर्तुळातल्या चौथ्या रोपाचा शेंडा गेलेला होता आणि मी उत्साहाने "हरीण!" असे म्हणालो. ताईने भिंग दिले. तुटलेली कड सुरीने तिरकी छाटावी तशी गुळगुळीत होती. हे पांढऱ्या डोंगरी सशाचे काम. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत डहाळी धरून ओढते, त्यामुळे कड फाटलेली राहते आणि सालीचे धागे लोंबतात. अर्ध्या तासाने तशी फाटकी कड सापडली. बोट फिरवल्यावर ती खरखरीत लागली आणि राळेचा थेंब बोटाला चिकटला. त्या वासाने माझा हातमोजा पुढचे तीन दिवस दरवळत होता.

एका रोपाने मला चकवले. ते हेदरच्या आत दडलेले होते, वीतभर उंच, पण खोड अंगठ्याएवढे जाड आणि गाठीगाठींचे. पाइनला वर्षाकाठी फांद्यांचे एक चक्र फुटते, त्यावरून त्याचे वय मोजता येते. मी अकरापर्यंत मोजले आणि पुढे चक्रे एकमेकांत मिसळली. म्हणजे हे रोप वर्षानुवर्षे दर हिवाळ्यात खुडले गेले होते आणि दर उन्हाळ्यात बाजूने नवा शेंडा काढून पुन्हा प्रयत्न करत होते. अगदी वरच्या बाजूला यंदाचा कोंब होता, पोपटी, सरळ, माझ्या मधल्या बोटाएवढा. हरणे कमी झाल्यावर या दरीत रोपे इतक्या झपाट्याने वर आली याचे एक कारण हेच आहे. त्यातली पुष्कळशी आधीपासूनच हेदरमध्ये दबा धरून बसलेली होती.

हरणे कमी कशी झाली, हा या दरीतला दुखरा भाग आहे. एकेकाळी इथे चौरस किलोमीटरला चाळीस-पन्नास हरणे होती. २००४ मध्ये त्या वेळच्या सरकारी हरीण आयोगाने कायद्यातले आणीबाणीचे अधिकार वापरून, हेलिकॉप्टरची मदत घेऊन मोठ्या प्रमाणावर हरणे मारली. त्यावर शिकाररक्षकांचा उद्रेक झाला. ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एकेक हरीण वारा पाहून, रांगत जाऊन टिपले होते, त्यांना हे काम खाटकाचे वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही हेलिकॉप्टरचे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर बरे वाटले नाही. २००६ मध्ये ही मालमत्ता अँडर्स होल्च पोव्हल्सेन या डॅनिश उद्योगपतीने घेतली. त्याच्या माणसांनी पुढे तेच धोरण चालू ठेवले, पण ते पायी, वर्षानुवर्षे, चिकाटीने. घनता चौरस किलोमीटरला एक-दोनवर आली. आज ही दरी केर्नगॉर्म्स कनेक्ट या भागीदारीचा भाग आहे. सुमारे सहाशे चौरस किलोमीटर जमीन, दोन सरकारी संस्था, एक पक्षीसंस्था आणि एक खाजगी मालक यांनी मिळून दोनशे वर्षांची योजना आखली आहे. दोनशे वर्षे हा आकडा ऐकून मी हसलो, तेव्हा ताईने समोरच्या आजीकडे बोट केले.

दुपारी दरीतल्या बॉथीपाशी डबा उघडला. बॉथी म्हणजे डोंगरात वाटसरूंसाठी उघडी ठेवलेली बिनभाड्याची खोली. तिच्याजवळ गवतात एक दगडी धुराडे एकटेच उभे आहे, घर केव्हाच पडून गेले. प्राण्यांची चित्रे काढणारा एडविन लँडसीर एकोणिसाव्या शतकात या दरीत मुक्कामाला येत असे. रुबाबदार शिंगांचा नर, मागे धुके आणि उघडे सुळके, हे त्याने रंगवलेले रूप इतके गाजले की हायलँड, म्हणजे स्कॉटलंडचा हा डोंगराळ मुलूख, म्हटले की जगाला तेच दिसते. गुरुवारी खिडकीतून मी काढलेली छायाचित्रे मुळात त्याचीच नक्कल होती. त्या धुराड्याला आता चारी बाजूंनी पाइनच्या पोरांनी गराडा घातला आहे.

परतीला नदीकाठची माती पाहिली. जिथे कोवळी झाडी काठापर्यंत आली होती तिथे मुळांनी खडी धरून ठेवली होती. पुढे झाडी वाढली की तिची सावली पाण्यावर पडेल, आणि उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून सॅमनच्या पिलांना ती लागते. हरणाच्या तोंडाचा माशाशी असा संबंध जोडता येतो, हे घरी बसून मला कोणी सांगितले असते तर ओढूनताणून आणलेले वाटले असते.

चौथा दिवस : रविवार, २६ ऑक्टोबर

पहाटे घड्याळे एक तास मागे गेली आणि दिवसभर पाऊस लागला. रविवारी डोंगरावर बंदूक चालवत नाहीत. कायदा नाही, पण रीत आहे. आम्ही अ‍ॅबरनेथीच्या रानात दोन तास फिरून आलो.

कुंपणाची राहिलेली गोष्ट इथली. कॅपरकेली हा कोंबड्याच्या जातीचा टर्कीएवढा पक्षी पाइनच्या रानात राहतो, जड असतो आणि झाडांच्या उंचीवरून वेगाने झेप घेतो. हरणांसाठी घातलेल्या तारेवर आदळून कॅपरकेली मरत होते. स्कॉटलंडमधून हा पक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस एकदा संपला होता. १८३७ मध्ये स्वीडनहून आणून तो पुन्हा सोडावा लागला. २०२१-२२ च्या गणनेत त्याची संख्या ५४२ एवढीच भरली. १९८८ मध्ये या रानाचा मोठा भाग पक्षीसंस्थेने घेतल्यावर तारा काढल्या गेल्या. तारा काढायच्या तर हरणे कमी करावीच लागतात, दुसरा पर्याय उरत नाही. पक्षी आम्हाला दिसला नाही. तो शोधायचाही नसतो, त्याला त्रास होतो. त्याच्या पिलांना लागणाऱ्या अळ्या ज्या ब्लेबेरीच्या झुडपांवर मिळतात, ती झुडपे मात्र घोट्याच्या वर आलेली पाहिली.

संध्याकाळी चहा पिताना कायद्याची चर्चा झाली. स्कॉटलंडमध्ये रानटी हरीण कोणाच्याही मालकीचे नसते. ते मारण्याचा हक्क मात्र जमिनीबरोबर येतो, आणि जमीन मोजक्या लोकांच्या हाती आहे. सरकारने नेमलेल्या कार्यगटाने २०२० मध्ये ९९ शिफारशी केल्या. त्यांतली एक २०२३ च्या ऑक्टोबरात अमलात आली आणि नरांसाठीचा बंदीकाळ रद्द झाला. माद्यांचा कायम आहे, कारण उन्हाळ्यात पाडस दुधावर असते. नैसर्गिक पर्यावरणाविषयीचे नवे विधेयक तेव्हा, २०२५ मध्ये, स्कॉटलंडच्या संसदेपुढे होते. निसर्ग सावरण्यासाठी सरकारला हरणांच्या बाबतीत हस्तक्षेप करता यावा, असे त्यात सुचवले होते.

लिंक्स परत आणावा, असे म्हणणाराही एक पक्ष आहे. यंदाच्या जानेवारीत किंग्यूसीच्या परिसरातच कोणीतरी चार लिंक्स बेकायदा सोडून दिले. ते पकडण्यात आले, त्यातला एक दगावला. ताईला त्या प्रकाराचा अजून संताप येतो. लिंक्स यावा असे तिला वाटते, पण तो चोरपावलांनी नव्हे. शिवाय लिंक्स मुख्यतः लहान रो हरणांवर जगतो. उघड्या डोंगरावरच्या तांबड्या हरणांचे काम त्याच्याने फारसे होणार नाही, आणि लांडग्याचे नाव मेंढपाळांपुढे काढायची सोय नाही.

पाचवा दिवस : सोमवार, २७ ऑक्टोबर

ताईच्या ओळखीने एका शिकाररक्षकाबरोबर जाण्याची परवानगी मिळाली होती. इथे त्याला 'स्टॉकर' म्हणतात. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याचे वडीलही याच कामात होते. ताई घरी राहिली, कारण तीन माणसे म्हणजे वास आणि आवाज दोन्ही जास्त.

माद्यांचा हंगाम २१ ऑक्टोबरला सुरू होतो. उजाडायच्या आत आम्ही रानाच्या वरच्या कडेला होतो. त्याने खिशातून चिमूटभर पांढरी पूड हवेत सोडली आणि ती कुठे जाते ते बघितले. वारा आमच्याकडून कळपाकडे जात होता, म्हणून पाऊण तासाचा वळसा पडला. नंतर ओढ्याच्या खाचेतून वाकून चालणे आणि शेवटचे शंभर पावलांचे अंतर पोटावर. हेदरमधले थंडगार पाणी कोपरांतून आत गेले. त्याने हात मागे करून थांबण्याची खूण केली. समोर दीडशे मीटरवर तीन माद्या आणि दोन पाडसे होती. तो बराच वेळ दुर्बिणीतून पाहत राहिला. कोणते पाडस कोणाचे, हे तो ठरवत होता, कारण आईवाचून पाडस मागे ठेवायचे नाही, हा नियम तो कशासाठीही मोडत नाही.

आवाज अपेक्षेपेक्षा बारीक होता. मादी दहा-बारा पावले धावली आणि बसल्यासारखी खाली गेली. पाडस थांबून तिच्याकडे बघत राहिले, आणि दुसरा बार झाला.

जवळ गेल्यावर त्याने काठीचे टोक तिच्या डोळ्याला हलकेच लावले. पापणी हलली नाही. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "इथे काही वाटले नाही तर तुम्ही हे काम करू नये, आणि खूप वाटले तरी करू नये." मग त्याने बाह्या सरसावल्या. पोट चिरून आतडी काढण्याच्या कामाला 'ग्रॅलॉक' म्हणतात. वाफ निघाली, गवताचा आंबूस वास आला. आतड्यांच्या पडद्यातल्या गाठी त्याने एकेक बोटांनी चाचपल्या, कारण क्षयाची लक्षणे तिथे दिसतात. आतडी डोंगरावरच ठेवली. आम्ही निघून गेल्यावर डोमकावळे आणि कदाचित सोनेरी गरुड येणार होते. त्यांच्या पोटात शिसे जाऊ नये म्हणून तो तांब्याच्या गोळ्या वापरतो.

शीतगृहाला जोडलेल्या, मारलेली हरणे ठेवण्याच्या खोलीत, म्हणजे 'लार्डर'मध्ये, वजन झाले, चिठ्ठी बांधली गेली, खालचा जबडा कापून ठेवला. दातांच्या झिजेवरून वय कळते. मादी सेहेचाळीस किलोंची भरली. त्याच्या वडिलांच्या काळी उघड्या डोंगरावरच्या माद्या याहून बऱ्याच हलक्या असत, असे त्याने सांगितले. त्या मार्चमध्ये ओहोळांत मरून पडलेल्या मिळत आणि त्याला कोणी क्रौर्य म्हणत नसे.

कॉफीचा मग हातात आल्यावर तो थोडा मोकळा झाला. वडिलांचे कौतुक ते सांभाळत असलेल्या नरांच्या संख्येवर होत असे, मालमत्तेची किंमतही वर्षाला किती नर टिपता येतात यावर ठरे. त्यासाठी हिवाळ्यात चारा घातला जाई आणि माद्या फारशा मारल्या जात नसत. गंमत अशी, की रम बेटावर १९५३ पासून हरणांचा जो अभ्यास चालू आहे, त्याने याच समजुतीला धक्का दिला. बेटाच्या एका भागात १९७२ पासून हरणे मारणे थांबवले, तेव्हा माद्या वाढत गेल्या, पाडसे हिवाळ्यात अधिक मरू लागली आणि नर कमी होत गेले. माद्यांची दाटी झाली की नर टिकत नाहीत. म्हणजे शिंगांसाठी माद्या राखणारे शिंगेच गमावत होते.

मग तो ज्या अडचणीविषयी बोलला, ती मला या प्रवासातली सर्वांत अवघड वाटली. हरणे कमी झाली, रान आले, रानात आडोसा आणि चारा मिळाला, त्यामुळे माद्या धष्टपुष्ट झाल्या. उपाशी मादी एखादे वर्ष पाडसाविना काढते, पोटभर खाणारी दरवर्षी वीते आणि कमी वयात वीते. शिवाय रानात ती दिसत नाही. त्यामुळे काम जितके यशस्वी होते तितके ते कठीण होत जाते. उष्णतादर्शी दुर्बीण घेऊन रात्र रात्र बसावे लागते. स्कॉटलंडमध्ये दरवर्षी लाखाहून अधिक हरणे मारली जातात आणि तरीही हा आकडा पुरेसा धरला जात नाही. या कामाला शेवट नाही. "लांडगा निवृत्त होत नव्हता," तो म्हणाला, "मला मात्र गुडघेदुखी आहे." त्याच्या हाताखाली शिकायला एक मुलगी आली आहे, ती टिकेल असे त्याला वाटते.

रात्री ताईने विचारले, कसे होते? मी म्हणालो, उद्या सांगतो. तिने पुन्हा विचारले नाही.

सहावा दिवस : मंगळवार, २८ ऑक्टोबर

शेवटच्या दिवशी इन्श्रीआखच्या रानातून वर क्रेग ईआक्लाखला गेलो. गेलिक नावाचा अर्थ दातेरी कडा. ब्रिटनमधली सर्वांत उंचावरची नैसर्गिक वृक्षरेषा इथे आहे, साधारण ६४० मीटरवर. बाकी सगळीकडे वृक्षरेषा चरणाऱ्या तोंडांनी खाली ढकललेली आहे; इथे ती वाऱ्याने आखलेली दिसते.

वाट संपली आणि पाइन आखूड होऊ लागले. आधी घराएवढे, मग माणसाएवढे, मग कमरेएवढे, आणि शेवटी जमिनीला बिलगून वाऱ्याच्या दिशेने आडवे पसरलेले. त्यांच्या आडोशाला ज्युनिपरच्या गाद्या होत्या. वारा एवढा होता की बोलणे कानात जात नव्हते. मी ताईला कालचे सांगायला सुरुवात केली आणि दोनच वाक्यांत सोडून दिली. तिने मान हलवली. ऐकू आले म्हणून की नाही म्हणून, कळले नाही.

शेवटच्या झाडाच्याही वर, दोन दगडांच्या फटीत, मला एक रोप सापडले. या वेळी भिंग मी स्वतःच काढले. गुडघे टेकले, वाऱ्याकडे पाठ केली आणि वरचे टोक बोटांत धरून सावकाश फिरवले. कळी बंद होती, राळेने चिकट, सगळे खवले जागच्या जागी. कड कुठेही फाटलेली नव्हती, छाटलेलीही नव्हती. ताईने वही पुढे केली आणि थंडीने वाकड्या आलेल्या अक्षरांत मी नोंद केली : स्कॉट्स पाइन. उंची ६६५ मीटर. रोप ११ सेंटिमीटर. शेंडा शाबूत.